साचा बाळगणं गुन्हा कधी ठरतं? गोळ्या पाडायच्या यंत्रांवरचे प्रस्तावित कायदे

औषधाच्या गोळीचा आकार पोलादाच्या तीन लहान भागांत ठरतो. मधे भोक असलेली जाड कडी म्हणजे डाय. तिच्यात एक पंच वरून उतरतो, दुसरा खालून बूड देतो. पावडर डायमध्ये पडते, दोन पंच तिला दाबतात आणि गोळी बाहेर येते. गोळीवर दिसणारं अक्षर, आकडा, मधली रेघ हे सगळं पंचाच्या टोकावर उलटं कोरलेलं असतं. औषध कारखान्यात याला डाय-पंचचा सेट म्हणतात. तो कुलूपबंद कपाटात राहतो. कुठला सेट कोणी कधी काढला, परत कधी ठेवला, झिजला म्हणून मोडीत कधी निघाला, याची नोंद ठेवावी लागते. एवढी काळजी घेण्याचं कारण उघड आहे. तळहातावर मावणारा हा सेट ज्याच्या हाती गेला, त्याच्या हाती त्या औषधाची ओळखच गेली.

अमेरिकेत नेमकं हेच झालं. एका बाजूला चौकोनात ‘एम’ आणि दुसऱ्या बाजूला ‘३०’ असलेली निळी गोळी तिथे ऑक्सिकोडोन या वेदनाशामकाची ३० मिलिग्रॅमची गोळी म्हणून सगळ्यांना माहीत आहे. हुबेहूब तशाच दिसणाऱ्या, पण आत फेंटानिल हे अतितीव्र कृत्रिम वेदनाशामक भरलेल्या गोळ्या बाजारात आल्या. डीईए ही अमेरिकेची अमली पदार्थविरोधी केंद्रीय यंत्रणा. तिने २०२३ या एका वर्षात सुमारे ८ कोटी बनावट गोळ्या पकडल्या. त्या वर्षी तिच्या प्रयोगशाळेत तपासलेल्या फेंटानिलच्या बनावट गोळ्यांपैकी दर १० मागे ७ गोळ्यांत जीव घेऊ शकेल इतकी मात्रा निघाली. डीईए ही मात्रा २ मिलिग्रॅम धरते, म्हणजे मिठाचे काही कण. सगळ्या अमली पदार्थांच्या अतिसेवनाने अमेरिकेत २०२३ मध्ये सुमारे १ लाख ५ हजार माणसं गेली, आणि त्यातली बहुसंख्य फेंटानिलसारख्या कृत्रिम ओपिऑइडमुळे, म्हणजे अफूसारखं काम करणाऱ्या कृत्रिम औषधांमुळे.

या गोळ्या इतक्या घातक का, हे समजलं की कायदा यंत्राच्या मागे का लागतो तेही समजतं. परवानाधारक कारखान्यात पावडर मशीनवर चढवण्याआधी मिश्रण एकजीव झालंय का हे तपासतात. गोळ्या पडल्यावर त्यांतल्या काही वेगळ्या काढून प्रत्येकीतलं औषध मोजतात. बेकायदा अड्ड्यावर यातलं काहीच होत नाही. त्यामुळे एकाच खेपेतली एक गोळी जवळजवळ रिकामी असते आणि तिच्या शेजारची मारक असते. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. पावडरीला हात लावायला जो घाबरतो, तो मुलगा ओळखीच्या गोळीला घाबरत नाही. परीक्षेच्या ताणात असलेल्या, पाठदुखीने हैराण झालेल्या, मित्राने दिली म्हणून घेतलेल्या माणसांना मारलं ते गोळीच्या या विश्वासार्ह दिसण्याने. हे दिसणं साच्यातून येतं.

आज कायद्यात काय आहे

अमेरिकेत यंत्रांवर काहीच कायदा नाही, असा समज असेल तर तो चुकीचा आहे. तिथल्या केंद्रीय अमली पदार्थ कायद्यात तीन वेगवेगळ्या तरतुदी आहेत. प्रस्ताव नीट वाचायचा तर या तिन्ही वेगवेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत.

पहिली तरतूद नोंदीची आहे. गोळ्या पाडायचं आणि कॅप्सूल भरायचं यंत्र विकणं, आयात करणं, निर्यात करणं हे ‘नियंत्रित व्यवहार’ आहेत. गोळी-यंत्राची व्याख्या मुद्दाम रुंद ठेवली आहे. हाताने चालणारं, अर्धस्वयंचलित किंवा पूर्ण स्वयंचलित असं कुठलंही उपकरण, ज्याने भुकटी, दाणे किंवा अर्धघट्ट पदार्थ दाबून घट्ट गोळी करता येते, ते या व्याख्येत बसतं. टेबलावर ठेवायचं लहान हँडप्रेसही त्यात आलं. या व्यवहारासाठी डीईएचा फॉर्म ४५२ भरावा लागतो. विक्रेत्याने ग्राहकाची ओळख पटवून घ्यायची असते आणि नोंद दोन वर्षं जपायची असते. यंत्र बाळगायला मात्र परवाना लागत नाही. सरकारला फक्त कळवायचं.

दुसरी तरतूद उपकरणांच्या गैरवापराची. यात कायद्याने तीन तोंडांच्या गोल बुडाच्या चंबूचं नाव घेऊन उल्लेख केला आहे. त्याच्यासोबत गोळी-यंत्र, कॅप्सूल-यंत्र, जिलेटिनच्या कॅप्सूल आणि ‘अमली पदार्थ बनवायला वापरता येईल असं कुठलंही उपकरण’ हेही आहे. पण नुसतं बाळगणं हा गुन्हा नाही. त्याचा वापर अमली पदार्थ बनवायला होणार हे माहीत असलं पाहिजे, तसा उद्देश असला पाहिजे किंवा तसं मानायला वाजवी कारण असलं पाहिजे.

तिसरी तरतूद थेट साच्याची. दुसऱ्याचं व्यापारचिन्ह किंवा ओळखखूण औषधावर उमटवून ते औषध बनावट ठरेल असा पंच, डाय, प्लेट किंवा तत्सम वस्तू बनवणं, वाटणं, बाळगणं हा आजही गुन्हा आहे.

दुसऱ्या आणि तिसऱ्या तरतुदीत पहिल्या गुन्ह्याला जास्तीत जास्त ४ वर्षं तुरुंगवास आहे आणि आधी शिक्षा झालेली असेल तर ८. उपकरणं मेथॅम्फेटामिन म्हणजे मेथ या उत्तेजक अमली पदार्थासाठी असतील तर मर्यादा १० वर्षांवर जाते. ही तफावत कशी आली ते समजण्यासारखं आहे. या तरतुदी घडल्या तेव्हा मोठी भीती मेथच्या घरगुती भट्ट्यांची होती, म्हणून मेथला वेगळी शिक्षा मिळाली. फेंटानिल त्या रांगेत नंतर आलं आणि आजही ४ वर्षांच्या जुन्याच मर्यादेखाली आहे.

प्रस्ताव काय म्हणतो

‘क्रिमिनलायझिंग अब्यूज्ड सब्स्टन्स टेम्प्लेट्स ॲक्ट’ असं या विधेयकाचं नाव आहे. आद्याक्षरं घेऊन त्याला ‘कास्ट’ म्हणतात. इंग्रजीत या शब्दाचा एक अर्थ साच्यात ओतणं. अमेरिकी संसदेची मुदत दोन वर्षांची असते. त्या मुदतीत मंजूर न झालेलं विधेयक आपोआप संपतं आणि नव्या संसदेत पुन्हा पहिल्यापासून मांडावं लागतं. अशी विधेयकं पुन्हा पुन्हा बातमीत येतात ती याच कारणाने.

विधेयकाचा गाभा एका वाक्यात बसतो. पहिल्या किंवा दुसऱ्या अनुसूचीतल्या (म्हणजे कायद्यातल्या सर्वांत कडक नियंत्रणाच्या दोन याद्यांतल्या) पदार्थाची बनावट गोळी बनवण्याच्या उद्देशाने गोळी-यंत्राचा साचा बाळगणं हा स्वतंत्र गुन्हा ठरेल आणि त्याला जास्तीत जास्त २० वर्षांची शिक्षा असेल. फेंटानिल दुसऱ्या अनुसूचीत आहे, हेरॉइन पहिल्या.

४ वरून २० वर एवढी मोठी उडी का, याचं उत्तर शेजारच्या कलमांत आहे. कितीही थोडं फेंटानिल बनवून विकलं तरी कमाल शिक्षा २० वर्षं आहे. ४० ग्रॅम मिश्रण सापडलं की किमान ५ वर्षं सक्तीची होतात, ४०० ग्रॅमला किमान १०. इथे वजन शुद्ध फेंटानिलचं धरत नाहीत, पूर्ण मिश्रणाचं धरतात. एक गोळी साधारण ०.१ ग्रॅमची धरली तर ४०० गोळ्यांतच ४० ग्रॅम भरतात. म्हणजे गोळ्या विकणारा माणूस दीर्घ तुरुंगवासात जातो. पण लाखो गोळ्या पाडू शकणारे साचे ज्याच्याकडे सापडले आणि पावडर मात्र आदल्या दिवशी संपली होती, त्याच्यावर ४ वर्षांचंच कलम लागतं. तपास अधिकाऱ्यांची खरी तक्रार ही आहे, आणि ती आम्हाला रास्त वाटते.

साच्यावर बोट ठेवणं हा या विधेयकाचा सर्वांत शहाणा भाग आहे. यंत्राला प्रामाणिक उपयोग शंभर आहेत. जीवनसत्त्वांच्या आणि आयुर्वेदिक गोळ्या, पेपरमिंट, जलशुद्धीकरणाच्या टिकिया, रंग, उत्प्रेरक, अंघोळीचे फेसाळ गोळे, सगळं यंत्रावरच होतं. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत इन्फ्रारेड चाचणीसाठी पोटॅशियम ब्रोमाइडची चकती पाडतात, तिथेही डाय आणि दाबच असतो. चौकोनातला ‘एम’ आणि ‘३०’ कोरलेला पंच मात्र फक्त दोघांकडे असायला हवा: त्या औषधाच्या अधिकृत उत्पादकाकडे आणि त्याला हत्यारं पुरवणाऱ्याकडे. तिसऱ्याकडे तो असण्याचं निर्दोष कारण सापडणं फार कठीण आहे. म्हणून यंत्रापेक्षा साच्यावर लक्ष ठेवलं तर प्रामाणिक माणूस सहसा अडकत नाही.

विधेयक कुठे अडतं

तरी या विधेयकाने प्रश्न सुटतो असं नाही. पहिली अडचण ‘बनावट’ या शब्दात आहे. अमेरिकी कायद्यात बनावट पदार्थ म्हणजे दुसऱ्या उत्पादकाची किंवा वितरकाची खूण परवानगीविना वापरलेला नियंत्रित पदार्थ. ‘एम ३०’ त्यात चपखल बसतो. पण हसरा चेहरा कोरलेली एक्स्टसीची गोळी कोणत्या औषध कंपनीची नक्कल आहे? कोणत्याच नाही. काहीच न कोरलेल्या साध्या पंचाचंही तेच. अशा साच्यांना जुनं ४ वर्षांचं कलमच लागू राहील. आणखी एक फट नियंत्रित पदार्थाच्या अटीत आहे. गोळीत असा नवा रासायनिक पदार्थ घातला जो अजून अनुसूचीतच आलेला नाही, तर साचा नकली असला तरी बनावट पदार्थाची व्याख्या लागू पडत नाही.

दुसरी अडचण उद्देश सिद्ध करण्याची. अमेरिकेत उद्देश संशयातीतपणे सिद्ध करण्याचा भार सरकारी पक्षावर असतो. व्यवहारात हा पुरावा आजूबाजूच्या गोष्टींतून उभा राहतो. यंत्राच्या फटीत अडकलेल्या भुकटीचा प्रयोगशाळा अहवाल, ऑर्डर देताना केलेले संदेश, विक्रेत्याला दिलेलं खोटं नाव, व्यवसाय सांगितला पण त्याची एकही पावती नाही, या गोष्टी एकत्र आल्या की न्यायालयाला चित्र दिसतं. नुसता साचा आणि नुसतं बाळगणं यावर खटला उभा राहिला तर तो कमकुवतच राहील. विधेयकातला उद्देशाचा शब्द गाळावा असं काहींना वाटतं. आमच्या मते तो शब्द राहिलाच पाहिजे. जुनी यंत्रं भंगारात घेणारा, लिलावात बंद कारखान्याचं सामान उचलणारा, कोरकाम करून देणारा टूलरूमवाला यांना वाचवणारा तेवढा एकच शब्द आहे.

तिसरी अडचण अशी की हे विधेयक गुन्हा झाल्यावर शिक्षा देतं. साचा कुठून आला, कोणी विकला, वाटेत कोणी पाहिला, याबद्दल ते काही बोलत नाही. फॉर्म ४५२ ची सक्ती यंत्राला आहे, सुट्या डाय-पंचला नाही. ही उणीव भरायला दुसऱ्या धाटणीचे प्रस्ताव पुढे आले आहेत. यंत्रावर आणि त्याच्या महत्त्वाच्या भागांवर अनुक्रमांक कोरायची सक्ती असावी, तो खोडणं गुन्हा ठरावा आणि सुट्या भागांच्या विक्रीचीही नोंद व्हावी, असं त्यांत मांडलेलं असतं. आज फॉर्मवर मेक, मॉडेल आणि अनुक्रमांक विचारतात, पण यंत्रावर अनुक्रमांक असलाच पाहिजे अशी सक्ती नाही. रकाना आहे, त्यात भरायला आकडा नाही. गाडीच्या चासी नंबराशिवाय चोरीची गाडी शोधायला सांगण्यासारखं हे आहे. शिक्षा वाढवणाऱ्या विधेयकापेक्षा हा अनुक्रमांकाचा प्रस्ताव आम्हाला जास्त उपयोगी वाटतो. २० वर्षांची शिक्षा पकडल्या गेलेल्या माणसाला होते. अनुक्रमांक ते यंत्र विकणाऱ्यापर्यंत नेतो.

माल येतो कसा

यातली बरीच यंत्रं आणि साचे चीनमधून ऑनलाइन मागवले जातात. मे २०२३ मध्ये अमेरिकेच्या अर्थखात्याने चीनमधल्या ७ संस्था आणि ६ व्यक्ती, तसंच मेक्सिकोतली १ संस्था आणि ३ व्यक्ती, यांच्यावर याच कारणाने आर्थिक निर्बंध घातले. जानेवारी २०२४ मध्ये ईबे या ऑनलाइन बाजाराने गोळी-यंत्रं आणि कॅप्सूल-यंत्रांच्या विक्रीवरून झालेल्या सरकारी दाव्यात ५ कोटी ९० लाख डॉलर भरून तडजोड केली. सरकारचं म्हणणं होतं की अशी हजारो यंत्रं त्या संकेतस्थळावर विकली गेली आणि ओळख, नोंद, कळवणं या अटी पाळल्या गेल्या नाहीत. दोन अनोळखी माणसांना जोडून देणाऱ्या संकेतस्थळालाही विक्रेत्याची जबाबदारी लागू होते का, हा त्यातला कळीचा प्रश्न होता. आज कुठलाही प्रस्ताव वाचताना ‘विक्रेता’ या शब्दात ऑनलाइन बाजार येतो की नाही हे आधी पाहावं.

लहान पार्सलांचा प्रश्न वेगळा. ८०० डॉलरपर्यंतच्या किमतीचं पार्सल अमेरिकेत जकातीविना आणि अगदी जुजबी कागदांवर येत असे. डाय-पंचचा सेट या मर्यादेत सहज बसायचा. ही सवलत आधी मे २०२५ मध्ये चीन आणि हाँगकाँगच्या मालासाठी, मग २९ ऑगस्ट २०२५ पासून सगळ्या देशांसाठी थांबवण्यात आली. हा निर्णय मुख्यतः व्यापार धोरणाचा होता, पण साच्यांच्या आयातीवर त्याचा परिणाम कुठल्याही फौजदारी कलमापेक्षा आधी जाणवू शकतो. कागद वाढला की तपासणी वाढते.

कॅनडा एक पाऊल पुढे

कॅनडाने हा रस्ता आधी धरला. १८ मे २०१७ ला मंजूर झालेल्या सी-३७ विधेयकाने गोळी-यंत्र आणि कॅप्सूल-यंत्र यांच्यासाठी केंद्रीय अमली पदार्थ कायद्याला नवी अनुसूची जोडली. आयात करण्याआधी यंत्राची नोंदणी आरोग्य खात्याकडे करायची आणि सीमेवर तिचा पुरावा दाखवायचा. पुरावा नसेल तर यंत्र तिथेच अडतं. अमेरिकेत ‘कळवा’ आहे, कॅनडात ‘नोंदवा, मग आणा’ आहे.

पण ही तरतूद सीमेपुरती होती. देशात आधीच असलेलं यंत्र एका हातातून दुसऱ्या हातात गेलं तर केंद्राला कळायचा मार्ग नव्हता. ती पोकळी प्रांतांनी भरली. अल्बर्टाने तर केंद्राच्याही आधी, २०१६ मध्येच, औषधनिर्मितीची यंत्रं कोणी बाळगावीत यावर कायदा केला होता. ब्रिटिश कोलंबियाने २०१८ मध्ये गोळी-यंत्रांसाठी स्वतंत्र कायदा केला. एकाच यंत्राला दोन वेगवेगळ्या ठिकाणी, एकदा सीमेवर आणि एकदा विक्रीच्या वेळी, कायद्याने गाठलं. आराखडा म्हणून हा आम्हाला सर्वांत पक्का वाटतो.

जास्त रुंद जाळं टाकलं की काय होतं, याचं उदाहरण टेक्सासचं. तिथे अनेक वर्षं प्रयोगशाळेची काचेची उपकरणं घ्यायला राज्य पोलिसांच्या खात्याचा परवाना लागायचा. यादीत आपल्याकडे बारावीचा विद्यार्थी टायट्रेशनला वापरतो तो कोनिकल फ्लास्कही होता. शाळा, छंदी रसायनप्रेमी, लहान प्रयोगशाळा सगळे अर्ज भरत राहिले. २०१९ मध्ये राज्याने परवान्याची अट काढून टाकली. चंबू ही खूण नाही, हे कळायला बराच काळ गेला.

या सगळ्याच्या मुळाशी १९८८ चा संयुक्त राष्ट्रांचा अमली पदार्थ व्यापारविरोधी करार आहे. भारत त्यात १९९० मध्ये सामील झाला. त्यातलं १२ वं कलम रसायनांचं आहे आणि त्याला रसायनांच्या याद्या जोडल्या आहेत. १३ वं कलम साहित्य आणि उपकरणांचं आहे, पण त्याला यादीच नाही. बेकायदा निर्मितीसाठी उपकरणं वळवली जाऊ नयेत म्हणून देशांनी योग्य वाटेल ते करावं, इतकंच ते म्हणतं. म्हणून प्रत्येक देशाचं उत्तर वेगळं आहे.

यंत्र विकणाऱ्या-घेणाऱ्याने काय पाहायचं

अहमदाबाद, मुंबई, वसई भागात टॅब्लेट मशीन आणि डाय-पंच बनवणारे अनेक कारखाने आहेत आणि त्यांचा माल परदेशी जातो. अमेरिकेला यंत्र पाठवणाऱ्यासाठी वरच्या कायद्याचा व्यवहारातला अर्थ असा. तिथल्या आयातदाराने यंत्र पोहोचण्याच्या किमान १५ दिवस आधी फॉर्म ४५२ ऑनलाइन भरायला हवा. डीईएकडून व्यवहार क्रमांक मिळाल्याशिवाय आयात करता येत नाही. म्हणून खरेदीदाराकडून तो क्रमांक लेखी आल्यावरच माल बंदरावर न्यावा. आगाऊ रक्कम आली म्हणून आधी माल निघाला आणि फॉर्म मागाहून भरायचं ठरलं, की यंत्र तिथल्या बंदरात अडकतं आणि गोदामभाडं चढत जातं.

दुसरी नेहमीची चूक वर्णनाची. इन्व्हॉइसवर ‘मशिनरी पार्ट्स’ असं मोघम लिहिण्याची सवय अनेकांना आहे. या मालासाठी ती फार महागात पडते. स्टेशन (डाय-पंच बसवायच्या जागा) किती, बी टूलिंग की डी टूलिंग (पंचांची दोन प्रमाण मापं), विजेवर की हाताने, मेक, मॉडेल, अनुक्रमांक हे सगळं स्पष्ट लिहावं. यंत्रावर अनुक्रमांकाची पट्टी नसेल तर ती बसवावी, कायद्याने मागितली नसली तरी. कोरलेला पंच मागणाऱ्या ग्राहकाकडून त्या खुणेच्या मालकीचा किंवा परवान्याचा कागद घ्यावा. खूण ओळखीची वाटली आणि कागद मिळाला नाही, तर ऑर्डर सोडून द्यावी. खरेदीदार कंपनी आहे की घरचा पत्ता दिलेला एकटा माणूस, हेही पाहावं.

अमेरिकेतल्या अमेरिकेत विक्री होत असेल तर ऑर्डर येताच डीईएच्या स्थानिक कार्यालयाला तोंडी कळवायचं आणि माल पाठवल्यापासून १५ दिवसांत फॉर्म भरायचा. जुनं यंत्र विकतानाही नियम तोच. पूरक आहाराचा छोटा व्यवसाय बंद करून यंत्र जाहिरात देऊन विकणाऱ्यांची इथेच फसगत होते, कारण आपण ‘विक्रेते’ आहोत हे त्यांच्या ध्यानातच येत नाही.

महाराष्ट्रात याचा उपयोग किती

आपल्याकडे गोळी-यंत्रांचा कायदा जसाच्या तसा आणला तर फारसं काही पकडलं जाणार नाही. महाराष्ट्राचा मोठा प्रश्न मेफेड्रोन म्हणजे एमडी आहे, आणि ते प्रामुख्याने पावडर किंवा खड्याच्या रूपात विकलं जातं. त्याला पंच लागत नाही, डाय लागत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये नाशिकजवळच्या शिंदे गावात आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये दौंड तालुक्यातल्या कुरकुंभ एमआयडीसीत जे कारखाने पकडले, तसल्या ठिकाणची उपकरणं म्हणजे रिॲक्टर, कंडेन्सर, सेंट्रिफ्यूज, ड्रायर. कुठल्याही लहान रासायनिक कारखान्यात हेच असतं. काचेचं अस्तर असलेला रिॲक्टर, ज्याला सगळे जीएलआर म्हणतात, त्याला परवाना लावला तर तारापूरपासून लोट्यापर्यंत रंग, औषधांचे मधले घटक आणि कीटकनाशकं बनवणारे प्रामाणिक उद्योजक रांगेत उभे राहतील. टेक्सासच्या चंबूची चूक आपण कितीतरी मोठ्या भांड्यावर करू.

१९८५ च्या एनडीपीएस या भारताच्या अमली पदार्थविरोधी कायद्यात उपकरणांबद्दल जे आहे त्याकडे पुरेसं लक्ष जात नाही. कलम ९अ खाली केंद्र सरकार रसायनांवर नियंत्रण आणतं. २०१३ च्या आदेशात ॲसेटिक ॲनहायड्राइड, एफेड्रिन यांसारखी रसायनं आहेत, यंत्रं नाहीत. कलम ६० नुसार गुन्ह्यात वापरलेलं साहित्य, यंत्र, भांडी जप्त होऊन सरकारजमा होऊ शकतात. कलम २५ आपली जागा गुन्ह्यासाठी जाणूनबुजून वापरू देणाऱ्याला गाठतं. कलम ३० व्यावसायिक मात्रेच्या, म्हणजे सरकारने ठरवून दिलेल्या मोठ्या मात्रेच्या, गुन्ह्याच्या तयारीलाही शिक्षा देतं, किमान आणि कमाल दोन्ही मूळ शिक्षेच्या निम्मी. एमडीची व्यावसायिक मात्रा ५० ग्रॅम आहे आणि तिला १० ते २० वर्षं शिक्षा आहे. कारखान्याच्या प्रमाणावर तयारी केलेल्याला हे कलम लावता येतं, मग पहिली बॅच निघालेली नसली तरी.

सर्वांत धारदार तरतूद कलम ५४ मध्ये आहे. अमली पदार्थ बनवण्यासाठी खास रचलेलं उपकरण किंवा त्यासाठी खास जुळवलेला भांड्यांचा संच कोणाकडे सापडला आणि त्याला समाधानकारक खुलासा देता आला नाही, तर न्यायालय गुन्हा गृहीत धरू शकतं. त्याला कलम ३५ जोडा. तिथे आरोपीचा उद्देश गृहीत धरला जातो आणि तो नव्हता हे आरोपीने संशयातीतपणे दाखवायचं असतं. अमेरिकेतलं विधेयक उद्देशाचं ओझं सरकारवर ठेवतं, आपला कायदा ते बऱ्याच अंशी आरोपीवर टाकतो. म्हणजे शब्दांपुरतं पाहिलं तर उपकरणांबाबत आपला कायदा अमेरिकेपेक्षा आधीच कडक आहे. मात्र मूळ वस्तुस्थिती, म्हणजे ताबा आणि जप्ती कायदेशीर होती हे, आधी सरकारी पक्षानेच सिद्ध करायचं आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. पंचनाम्यात रिॲक्टरची क्षमता लिहिली नाही, पाइप कुठून कुठे जोडले होते याचं रेखाटन केलं नाही, आतल्या चिकट अवशेषाचा नमुना नीट सील केला नाही, तर ‘खास जुळवलेला संच’ हे शब्द कागदावरच राहतात. न्यायालयासमोर उरतो एक साधा जीएलआर, जो कोणाकडेही असू शकतो.

नवी तरतूद करायचीच असेल तर ती भांड्यावर न करता ताबा बदलण्यावर करावी, असं आमचं मत आहे. धोका वाढतो तो बंद पडलेला कारखाना भाड्याने दिला जातो तेव्हा, जॉब वर्कच्या नावाखाली रात्रपाळी दुसऱ्याला दिली जाते तेव्हा, जुना रिॲक्टर भंगाराच्या भावात रोखीने विकला जातो तेव्हा. एमआयडीसीत पोटभाडेकरू ठेवायला महामंडळाची परवानगी आजही लागते. त्या अर्जात पोटभाडेकरू कोणतं उत्पादन घेणार, त्यासाठी कोणते रिॲक्टर आणि किती लिटरचे वापरणार, हे दोन रकाने जोडावेत आणि त्याची प्रत जिल्ह्याच्या अमली पदार्थविरोधी पथकाला जावी. त्यासाठी संसदेत विधेयक मांडावं लागत नाही.